इलेक्ट्रिक मून : काहीही न ठरवता वाजवणारे जर्मन

खर्ज (धागाकर्ता)

इथे रॉकवर धागा निघाला की चर्चा फ्लॉइड, झेपेलिन, डीप पर्पल यांच्यापलीकडे सरकत नाही. म्हणून मुद्दाम अशा बँडबद्दल लिहितोय ज्याचं नाव बहुतेकांच्या कानावरून गेलेलं नसेल.

इलेक्ट्रिक मून हे जर्मन त्रिकूट. गिटारवर डेव्ह श्मिट, जो सुला बासाना या नावाने वाजवतो. बेसवर कोमेट लुलू. ड्रम्सवर सुरुवातीला पाब्लो कार्नेव्हाल होता, मधल्या काळात दुसरे ड्रमर येऊन गेले, पुढे तो परतला. २०१० मध्ये 'लुनॅटिक्स' आली, मग २०११ ची 'द डूम्सडे मशीन', पुढे 'इन्फर्नो', २०१७ ची 'स्टारडस्ट रिच्युअल्स'. मैफिलींची ध्वनिमुद्रणं वेगळी, ती ढिगाने आहेत. श्मिट काही नवखा नव्हे. १९९७ पासूनच्या झोन सिक्स या बँडमध्येही तो होता आणि तिथेही काम हेच, सुचेल तसं वाजवणं. सुलाट्रॉन नावाचं लेबल त्याचं स्वतःचंच आहे, त्यामुळे 'तुकडा फार लांबलाय, कापा' असं सांगणारा मालक डोक्यावर नाही. त्याचा फायदा झालाय तसा तोटाही झालाय.

ऐकायला बसलात की पहिली गोष्ट लक्षात येईल ती म्हणजे हे सगळं १९७१ सालचं वाटतं. फझची (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलची) घरघर, वा-वाचं (पायाने हलवायच्या पेडलचं) उघडझाप, एकोवर एको चढत जाऊन तयार होणारा धूर, ड्रम्सचा सुका लाकडी आवाज. गाणं म्हणावं असं फारसं काही नाही. लुलूचा आवाज अधूनमधून येतो तोसुद्धा वाद्यासारखा, शब्द धरायला गेलं तर हाती लागत नाहीत. एक तुकडा दहा मिनिटं चालला म्हणजे नुकताच सुरू झाला असं समजायचं.

आता मुद्द्याचं. 'पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज आज कशाला काढायचा, हे तर वेशभूषा स्पर्धेसारखं झालं' असा आक्षेप अशा बँडांवर कायम घेतला जातो. मला तो उलटा दिसतो. आधी न बोलता, न ठरवता तिघांना एकत्र वाजवायचं असेल तर कुठलीतरी एक गोष्ट पक्की असावी लागते. इथे ती पक्की गोष्ट म्हणजे हा जुना बाज. कुठले आवाज चालतील, कुठले नाही, चढ किती सावकाश घ्यायचा, एकल वाजवताना किती पुढे यायचं, हे सगळं १९६८ ते ७४ च्या रेकॉर्ड्स ऐकून तिघांच्याही अंगात मुरलेलं आहे. तेवढं ठरलेलं आहे म्हणूनच बाकी काही ठरवावं लागत नाही. बाज काढून घ्या, 'आज काहीही वाजवा' असं सांगा, बहुतेक लोक पाचव्या मिनिटाला एकमेकांची तोंडं बघतील.

पटत नसेल तर भांडा. धागा त्यासाठीच आहे.

ढब्बू_पैसा

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

एक अडाणी प्रश्न. काहीच ठरवलेलं नाही तर बेसूर का होत नाही? आमच्या सोसायटीच्या गणपतीत ठरवून, तालीम करून वाजवतात तरी होतं.

खर्ज

@ढब्बू_पैसा, अडाणी अजिबात नाही, मूळ प्रश्नच तो आहे.

पहिलं कारण, कॉर्ड बदलत नाहीत. एक स्वर धरला, बहुधा बेसची सगळ्यात खालची उघडी तार, की तोच शेवटपर्यंत केंद्र. गिटार त्याच्याभोवती पाच-सहा स्वरांत फिरते. सगळे एकाच ठिकाणी उभे असल्यावर रस्ता चुकायची भीती कमी. दुसरं, बदल फार हळू होतात. बेसने वळण घेतलं तरी पुढची कित्येक आवर्तनं तो ते धरून ठेवतो, तोवर बाकीच्यांना पोचायला वेळ मिळतो. तिसरं म्हणजे एखादा चुकार स्वर आलाच आणि तो एकोत अडकला, तर तो परतपरत ऐकू येतो. चांगला वादक अशा वेळी तोच स्वर मुद्दाम पुन्हा वाजवतो. मग तो चुकार राहत नाही.

चारतारी

मी बेस वाजवतो (हौशी, शनिवार-रविवारपुरता), म्हणून आमच्या जमातीची बाजू मांडतो. लोक अशा संगीतात गिटार ऐकतात. गिटार सोडा. पहिल्यांदा ऐकताना फक्त बेस आणि ड्रम्स ऐका.

सोलो तबल्याच्या कार्यक्रमात हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा धरणारा असतो ना? तेच ते छोटं वळण, न कंटाळता, न हलता, तास-तासभर. तबलजी कुठेही जाऊन आला तरी लेहरा तिथेच उभा. लुलूचा बेस बऱ्याचदा ते काम करतो. दोन मापांचा एक रिफ, तो सोडायचा नाही. गिटारवाला हवा तेवढा लांब जाऊ शकतो तो या भरवशावर.

आणि हे दिसतं तितकं सोपं नाही हो. एकच रिफ पंधरा मिनिटं वाजवून बघा. चौथ्या मिनिटाला बोटं आपोआप काहीतरी सजावट करायला लागतात. न करणं हीच कला.

कट्टर_ख्यालिया

लेहऱ्याची उपमा वरवर बरी आहे, पण चारतारी, दोन ठिकाणी फसते.

एक, लेहरा हलत नाही याला कारण त्याच्यामागे ताल आहे. तीनतालाचा लेहरा सोळा मात्रांचा, सम कुठे आहे ते वाजवणाऱ्याला आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक. तबलजी सगळा हिशोब करून समेवर येतो त्यात सगळा आनंद आहे. मी तुम्ही सांगितलेला बँड ऐकला. चार-चारचा ठेका आहे, ठीक, पण येण्यासारखी सम मला तरी दिसली नाही. समच नसेल तर घरी परतल्याचा आनंद कुठून आणणार? नुसतंच चालत राहणं.

दोन, खर्ज यांनी 'बाज पक्का' म्हणून जे सांगितलं ते रागाच्या शिस्तीच्या जवळ नेऊ नका. त्यांनी तसं म्हटलेलं नाही हे मान्य, पण पुढचा प्रतिसाद तसा येणार हे मला दिसतंय. फझ आणि वा-वा ही सामग्री झाली. कुठल्या स्वरावरून कुठे जायचं, कुठे थांबायचं, काय टाळायचं, याचं व्याकरण तिथे नाही.

एवढं खरं की ड्रमर ऐकण्यासारखा आहे.

चारतारी

@कट्टर_ख्यालिया, सम नाही हे कबूल. पण आनंद फक्त परतण्यातच असतो असं का? इथे तो चढण्यात आहे. सुरुवातीला सिंबलची नुसती कुजबुज, मग ठेका, मग बेस एक स्वर वर उचलतो, मग गिटारचा फझ चालू होतो, आणि या प्रत्येक गोष्टीला दोन-तीन मिनिटं. आपण चढतोय हे मध्येच कधीतरी लक्षात येतं. तोवर आपण आधीच वर पोचलेलो असतो.

आणि उपमा माझ्या अपेक्षेपेक्षा आणखी एका ठिकाणी फसते ते मीच सांगतो. लेहरेवाला तबलजीच्या मागे जात नाही. इथे बेसवालीने मध्येच मनावर घेतलं तर तीच सगळ्यांना दुसरीकडे नेते, गिटारला मागे यावं लागतं. पुढारी कोण हे ठरलेलं नाही. मला यात सगळ्यात जास्त गंमत वाटते.

नदीपलीकडे

मी गेली काही वर्षं जर्मनीत, नॉर्डराइन-वेस्टफालियात आहे, म्हणून थोडी जमिनीवरची माहिती.

हा बाज हवेतून पडलेला नाही. १९६८ च्या सप्टेंबरात एसेनमध्ये 'एसेनर सॉंगटागे' नावाचा मोठा महोत्सव झाला. अमेरिकेहून फ्रँक झापाचा बँड आला होता, आणि त्याच महोत्सवात अमोन ड्यूल आणि टँजरिन ड्रीम ही तोवर कुणाला फारशी माहीत नसलेली जर्मन मंडळी वाजली. अमोन ड्यूल हा म्युनिकमधला कम्यून, एकत्र राहणारा गोतावळा. ज्याला जे येईल ते तो वाजवायचा, काहींना काहीच येत नव्हतं तेही वाजवायचे. ज्यांना नीट वाजवायचं होतं ते वेगळे झाले आणि अमोन ड्यूल टू झाले. त्यांची १९७० ची 'येती' ऐका, त्यातला मोठा भाग सरळ इम्प्रोव्हाइज्ड आहे. इलेक्ट्रिक मूनचं आजोळ कुठे ते लगेच कळेल.

त्या पिढीची अडचण वेगळी होती. वडिलांच्या पिढीने युद्धात काय केलं त्यावर घरात कुणी बोलत नव्हतं. रेडिओवर गोडगोड श्लागर, म्हणजे तिकडची हलकीफुलकी लोकप्रिय गाणी. आणि इंग्लिश-अमेरिकन ब्लूजची नक्कल करायची तर तेही उसनं. म्हणून अनेकांनी पाटी पुसून सुरुवात केली. गाणं नको, कडवं-धृपद नको, फक्त एक स्वर आणि एक ठेका.

खर्ज यांच्या मुद्द्यात मला एवढंच खुपतं. त्या लोकांनी जुना बाज नाकारला म्हणून हे संगीत जन्मलं. आज तोच बाज जपून ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं?

खर्ज

@नदीपलीकडे, खुपणं रास्त आहे. पण पाटी रोज पुसायची नसते. कुणीतरी एकदा पुसून त्यावर काही लिहिलं, तर पुढच्यांनी त्यात भर घालायला काय हरकत? ब्लूजवाले शंभर वर्षं बारा मापांत वाजवताहेत, त्यांना कुणी 'पाटी पुसा' म्हणत नाही. जर्मन लोकांनी स्वतःचं काही केलं तर मात्र त्यांनी दर पाच वर्षांनी क्रांती करायची असा आग्रह का?

मीनलोचनी

मी जरा पाणी ओतते.

हे सगळं तात्त्विक छान आहे, पण या क्षेत्रात बाजार किती आहे ते कुणी बोलत नाहीये. जांभळ्या रंगाच्या व्हिनाइलची मर्यादित आवृत्ती, तीच रेकॉर्ड पुन्हा हिरव्या रंगात, कव्हरवर ग्रह, मशरूम, डोळा. दाढ्या आणि बेलबॉटम. कदावार आठवतो का, बर्लिनचा बँड? फोटो बघितला तर वाटतं १९७२ च्या मासिकातून कापून काढलाय. चाळीस-पन्नाशीतल्या पुरुषांनी तरुणपणी न मिळालेलं तरुणपण विकत घ्यायचं, असं माझं मत आहे. (नवऱ्याच्या कपाटाकडे बघून बनलेलं मत आहे, त्यामुळे कुणी वैयक्तिक घेऊ नये. नवऱ्याने घ्यावं.)

आणि लेबलं छोटी असतात म्हणून ती प्रामाणिक, हे कुठून आलं?

खर्ज

मीनलोचनीताई, दंडवत. कपाटाबद्दल बोलत नाही, माझंही भरलेलं आहे.

पण कदावार आणि इलेक्ट्रिक मून एका माळेत नकोत. कदावार गाणी लिहितात. तीन-चार मिनिटांची, कडवं, धृपद, रिफ, सगळं बांधीव, आणि उत्तम. दिसायला जास्त जुने तेच आहेत, पण पद्धत सरळ रॉक बँडची. म्युनिकचा कलर हेझ मध्ये कुठेतरी बसतो, बांधलेल्या रिफमधून मोकळं होऊन परत रिफवर येणारा. (कट्टर_ख्यालिया यांना हवी असलेली सम तिथे मिळेल.) पूर्ण सुट्टं वाजवणारे थोडे. इलेक्ट्रिक मून त्यातले, आणि दुसरे स्पेस डेब्री, ज्यांच्याकडे हॅमंड ऑर्गन आहे.

बाजाराचं म्हणाल तर आहेच. रंगीत व्हिनाइलच्या पाचशे प्रती विकून कुणी बंगला बांधत नाही, एवढंच.

टेपवाला

जुन्या यंत्रांवर बोलायची वेळ आली म्हणून आलो. माझा धंदा दुरुस्तीचा होता, आता हौस उरली आहे.

जो 'एकोचा धूर' खर्ज म्हणतात त्याच्या मागे मूळ यंत्र टेप एको. रोलंडचं आरई-२०१, १९७४ मध्ये आलं, स्पेस एको नावाने प्रसिद्ध. झाकण उघडलंत तर आत रीळ दिसणार नाही. जेमतेम हातभर लांबीच्या खणात टेपचं एक वेटोळं सुट्टं, मोकळं पडलेलं असतं, आणि ते गोळा होत, उलगडत सतत फिरतं. एक रेकॉर्ड हेड, पुढे तीन प्लेबॅक हेड. आवाज टेपवर लिहिला जातो, पुढच्या हेडवर वाचला जातो, आणि वाचलेला थोडा पुन्हा लिहिला जातो. हा 'पुन्हा किती' चा खुंटा पिळत नेला की एक क्षण असा येतो की यंत्र स्वतःहून ओरडायला लागतं. गिटारवाला हात सोडून उभा राहिला तरी आवाज वाढतच जातो. आणि त्या वेळी मोटरचा वेग कमी केला तर तो सगळा ढीग घसरगुंडीवरून आल्यासारखा खाली सरकतो. या बँडांच्या रेकॉर्ड्सवर विमान कोसळल्यासारखा जो आवाज येतो तो हा.

दर फेरीला टेप वरचे स्वर थोडे खाते. म्हणून तिसरी-चौथी पुनरावृत्ती अंधुक येते, मूळ स्वराच्या अंगावर येत नाही. डिजिटल एको प्रत्येक वेळी तितकाच लख्ख, त्यामुळे दहा स्वरांत चिखल होतो. तेव्हा 'जुनं ते सोनं' असं काही नाही. झिजणारं यंत्र गर्दीत उपयोगी पडतं, एवढा साधा हिशोब आहे.

आता विनोद असा की आजकाल बहुतेक वादक टेप एकोची नक्कल करणारं डिजिटल पेडल वापरतात, आणि त्याच्यावर टेप किती जुनी, किती मळलेली, किती डगमगणारी, यासाठी वेगळे खुंटे असतात. आम्ही आयुष्यभर जो डगमग घालवायचे पैसे घेतले तो आता पैसे देऊन मिळतो.

बेसुर

वाखूसा (वाचनखूण साठवली). टेपवाले काका, जर्मेनियम फझबद्दलही लिहा ना. खरंच उन्हात आवाज बदलतो का?

टेपवाला

बदलतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टर तापमानाला हळवा. गरम झाला की गळती वाढते आणि आवाज तुटक, थुंकल्यासारखा येतो. दुपारी उघड्या स्टेजवर लावलेलं सगळं संध्याकाळी वेगळं. आधीपासून काही न ठरवणाऱ्या बँडला हे परवडतं, ठरलेली गाणी वाजवणाऱ्याची पंचाईत.

साबुदाणा

अवांतर: या जर्मन मंडळींचं आपल्याकडच्या नावांवर फार प्रेम. आशाफेनबुर्गकडचा माय स्लीपिंग कर्मा नावाचा बँड आहे. रेकॉर्ड्सची नावं 'सत्य', 'त्रि', 'सोमा', 'मोक्ष', 'आत्मा'. 'सोमा' मध्ये एका तुकड्याचं नाव एल्युसिन कोराकाना. वनस्पतीशास्त्रात ती आपली नाचणी. सोमरस शोधायला निघालेले लोक आंबिलीपर्यंत पोचले हे बघून ऊर भरून आला.

(संगीत चांगलं आहे. इम्प्रोव्हाइज्ड नाही, नीट बांधलेलं.)

कट्टर_ख्यालिया

नावं देऊन काय होतं. कुणी खरोखर शिकायला आलं होतं का?

नदीपलीकडे

आले होते. म्युनिकचा एम्ब्रायो बँड १९७८-७९ मध्ये बसने, जमिनीवरून, इराण-अफगाणिस्तानातून भारतात आला. वाटेत भेटेल त्या वादकाबरोबर वाजवत. त्यातून 'एम्ब्रायोज राइझे' ही दुहेरी रेकॉर्ड झाली. बेंगळुरूच्या कर्नाटका कॉलेज ऑफ पर्कशनच्या वादकांबरोबर त्यांचं काम बराच काळ चाललं. त्यांचा प्रमुख ख्रिस्तियान बुर्खार्ड व्हायब्राफोन वाजवायचा आणि आपल्याकडची लय त्याने हौसेपुरती घेतलेली नव्हती. पोपोल वूह या जर्मन बँडच्या १९७२ च्या 'होझियाना मंत्रा' मध्ये तंबोरा आहे, तोही ऐकण्यासारखा.

पण इलेक्ट्रिक मूनला त्या रांगेत उभं करू नका, त्यांचा तो दावाही नाही.

मीनलोचनी

ठीक. आता माझा खरा आक्षेप. नदीपलीकडे यांनी कॅनचं नाव अजून कसं काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय, म्हणून मीच काढते.

कोलोनचा कॅन हा बँड. तेसुद्धा काही न ठरवता तासन्तास वाजवायचे, त्याला ते 'तत्क्षणी रचना' म्हणायचे. पण होल्गर चुकाई बेस खाली ठेवल्यावर टेप घेऊन बसायचा आणि ब्लेडने कापायचा. कित्येक तासांतून वीस मिनिटं. १९७१ ची 'टागो मागो' अशी झाली आहे. त्यांचा ड्रमर याकी लीबेत्साइट आधी फ्री जॅझ वाजवायचा, म्हणजे वाट्टेल तितकं मोकळं. ते सोडून तो यंत्रासारखा एकच ठेका धरायला लागला. सांगतात की कुणीतरी त्याला येऊन 'तू एकसुरी वाजवायला हवं' असं बजावलं होतं. ज्याला सगळं येतं त्याने थोडंच निवडलं, आणि जे वाजलं त्यातलंही पुन्हा थोडंच ठेवलं. म्हणून पन्नास वर्षांनीही ते ऐकवतं.

इलेक्ट्रिक मूनच्या अख्ख्या मैफिली जशाच्या तशा बाहेर येतात. वाजवणाऱ्याला सापडेपर्यंतचा वेळ मी का भरायचा? खर्जभाऊ, तुम्हीच म्हणालात की कापा म्हणणारा मालक नाही. मला तो मालक हवा आहे.

खर्ज

वाट बघत होतो या मुद्द्याची.

चुकाईची कात्री थोर, यात वाद नाही. आधी नॉर्व्हेनिखच्या गढीत ('टागो मागो' तिथली), पुढे वायलर्सविस्टच्या बंद पडलेल्या सिनेमागृहात, भिंतींना लष्कराच्या जुन्या गाद्या ठोकून, दोन ट्रॅकच्या मशीनवर ते लोक जे करत होते त्याला तोड नाही. पण त्यामुळे 'टागो मागो' ही इम्प्रोव्हायझेशनची रेकॉर्ड राहत नाही. ती इम्प्रोव्हायझेशनपासून बनवलेली रचना झाली. शोध संपल्यावर जे सापडलं तेवढंच आपल्या हाती येतं. शोधताना तो माणूस कुठे अडखळला, कुठे कंटाळला, कुठे दुसऱ्याने त्याला हात दिला, हे कापलेल्या टेपबरोबर केराच्या टोपलीत गेलं.

मला ते ऐकायचं असतं. इलेक्ट्रिक मूनच्या एका लांब तुकड्यात एक जागा अशी येते की गिटारचं सगळं बोलून झालेलं असतं. स्पष्ट कळतं. तेच ते तीन स्वर घोळवणं चालू. ड्रमर ते ओळखतो आणि सिंबल सोडून फक्त खालच्या टॉमवर (जमिनीवर ठेवलेल्या खोल आवाजाच्या ड्रमवर) येतो. जागा एकदम रिकामी होते. बेस दोन फेऱ्या तसाच राहतो, मग रिफमधला शेवटचा स्वर गाळतो, फक्त एक स्वर. आणि तेवढ्याने गिटारला नवीन वाक्य सुचतं. हा सगळा प्रकार मिनिटभराचा. चुकाईने त्याआधीची तीन कंटाळवाणी मिनिटं निश्चित कापली असती, आणि मग ड्रमरने काय वाचवलं ते कधीच कळलं नसतं.

तोटा मी आधीच मान्य केलाय. काही रेकॉर्ड्स अशा आहेत की त्यात वाचवणारं कुणी येतच नाही.

कट्टर_ख्यालिया

हे पटलं. मैफिलीत गवई जागा शोधत असतो तो वेळही आम्ही ऐकतोच, त्याशिवाय सापडल्यावर 'वाह' निघत नाही. तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांतून ख्याल कळत नाही तो याचमुळे.

व्याकरणाबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम.

मीनलोचनी

मला नाही पटलं, पण तो टॉमवर येतो तो तुकडा कुठला ते सांगा. वेळेसकट.

ढब्बू_पैसा

रिपोर्ट सादर करतो. काल रात्री 'द डूम्सडे मशीन' लावली. फोनच्या स्पीकरवर पाच मिनिटांत बंद केली, बेस ऐकूच येत नव्हता, नुसता गोंगाट. मग चारतारींचं ऐकून हेडफोन लावला आणि फक्त बेस धरला. अर्धा तास कुठे गेला कळलं नाही. बायको म्हणाली, डुलक्या काढत होतास. मी डुलत होतो. फरक तिला पटवून देता आला नाही.

मग स्पेस डेब्री लावला. तो मला जास्त आवडला! ऑर्गन आला की मला बरं वाटतं, काय करू.

चारतारी

@ढब्बू_पैसा, फोनच्या स्पीकरवर बेस येत नाहीच. त्यावर हे संगीत ऐकणं म्हणजे तबला काढून ठुमरी ऐकणं.

टेपवाला

ऑर्गन आवडला तर लेस्ली स्पीकरकडे लक्ष द्या. आत कर्णा आणि खाली ड्रम गोल फिरतात. सावकाशवरून वेगात टाकला तर कर्णा लगेच वेग धरतो, खालचा जड ड्रम मागून पोचतो. त्या मधल्या दोन-चार सेकंदांत आवाज ताणला जातो. वाजवणारा हुशार असेल तर तो बटण चढाच्या थोडं आधी दाबतो.

नदीपलीकडे

प्रत्यक्ष ऐकायचं असेल त्यांच्यासाठी. झीगनजवळ नेटफेन गावात २०१२ पासून फ्रीक व्हॅली नावाचा महोत्सव भरतो, मे अखेर किंवा जूनच्या सुमारास. डोंगर, पाऊस, बिअर, आणि आजूबाजूच्या गावातले आजीआजोबा कुतूहलाने कुंपणापाशी उभे. इलेक्ट्रिक मूनचं २०१९ चं तिथलं वादन रेकॉर्ड म्हणून निघालंय. डब्ल्यूडीआर वाहिनीचा रॉकपालास्ट कार्यक्रम तिथल्या मैफिली चित्रित करतो, त्यामुळे घरबसल्या बघायलाही बरंच मिळतं. बघाच. कोण कोणाकडे कधी बघतो ते दिसलं की निम्मी कोडी सुटतात.

हेसेमधला बुर्ग हेर्त्सबेर्ग महोत्सव याहून जुना, १९६८ चा. तिथे तंबू घेऊन जावं लागतं आणि लोक पोरंबाळं, कुत्री घेऊन येतात. मीनलोचनीताईंच्या मिस्टरांना तिथे फार आवडेल.

मीनलोचनी

त्यांना हा धागा दाखवलेला नाही आणि दाखवणारही नाही.

खर्जभाऊ, वेळ सांगा.

खर्ज

ताई, 'स्टारडस्ट रिच्युअल्स' आधी पूर्ण ऐका, ती बांधेसूद आहे, तुमच्या कात्रीला फार काम पडणार नाही. तो तुकडा मैफिलीच्या ध्वनिमुद्रणातला आहे, तो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. वेळ मुद्दाम सांगत नाही, थेट तिथे उडी मारलीत तर आधीचा कंटाळा चुकेल आणि मग काहीच कळणार नाही.

ढब्बू_पैसा, ऑर्गनवाल्यांसाठी वेगळा धागा काढा. टेपवाले काका पहिला प्रतिसाद देतील.

ढब्बू_पैसा

काढतो. शीर्षक सुचवा, नाहीतर मी 'पेटी आणि जर्मनी' असं काहीतरी देईन.